‘घरीच असतेस ना?’ या प्रश्नाचा हिशोब

मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा. आणि घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर तुकड्या-तुकड्यात वाचा, मी तशीच लिहिली आहे.

परवा गल्लीत हळदीकुंकवाला गेले होते. कडेवर चिमी, दहा महिन्यांची. वाण घेताना एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, “आता काय, घरीच असतेस ना?” मी म्हटलं, “हो, घरीच.” त्या म्हणाल्या, “बरंय बाई, बाळाकडं लक्ष राहतंय.”

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिलं. कारण त्याच दिवशी सकाळी मी कॉलेजात दोन तास शिकवून आले होते, दुपारी एका बालपुस्तकाचं मुखपृष्ठ पाठवलं होतं आणि रात्री एका लग्नपत्रिकेतली नवरा-नवरीची अर्कचित्रं पूर्ण करायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी चित्रकार आहे. कोल्हापुरातच शिकले, कोल्हापुरातच राहते. दिवाळी अंकांची रेखाचित्रं, मुलांच्या पुस्तकांची चित्रं, पत्रिका, कधी दुकानाची पाटी, असं मिळेल ते काम करते. शिवाय एका खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. आठवड्यातून चार दिवस, साधारण दहा तासिका. तासाला ३५० रुपये. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. मे महिन्यात शून्य, दिवाळीच्या सुट्टीत शून्य. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे, त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. घरात सासूबाई आहेत.

चिमी मार्चच्या शेवटी झाली. त्याआधी मी कॉलेजात विचारलं होतं, “सर, बाळंतपणाच्या रजेचं काय?” उत्तर मिळालं, “मॅडम, तुमची नेमणूकच वर्षापुरती असते. रजा कसली? जुलैत या, तास देऊ.” हे अगदी चांगल्या शब्दांत सांगितलं. मीही “थँक यू सर” म्हणून आले.

मग रात्री पाजताना मोबाइलवर वाचत बसायची सवय लागली, तेव्हा कळलं की कायद्याच्या हिशोबात प्रश्न ‘कायम की तात्पुरती’ एवढाच नसतो. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. अट अशी की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आकडे तसेच ठेवलेत. आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की हजेरीपटावरच्या, कायम न झालेल्या बायकांनाही हा लाभ द्यावा लागेल.

मी माझे दिवस मोजले. ११२ भरले.

तरी मी कॉलेजला एक साधा अर्जसुद्धा केला नाही. कारण उघड आहे, मला जुलैत तास हवे होते. अर्ज केला असता तर तास दुसऱ्या कुणाला गेले असते आणि ते का गेले हे कुणी लिहून दिलं नसतं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना ही भीती ओळखीची आहे. ही गोष्ट मी शौर्याची म्हणून सांगत नाहीये. गप्प बसले, एवढंच.

सरकारकडून एक मदत मिळाली, ती मान्य करते. अंगणवाडीच्या ताईंनी घरी येऊन मातृवंदना योजनेचा अर्ज भरून घेतला. पहिल्या बाळासाठी ५००० रुपये, दोन हप्त्यांत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर मातेसाठी किमान ६००० रुपये लिहिलेत, तो मुद्दा बाजूला ठेवू. ताईंचे उपकार आहेत. पण ५००० म्हणजे माझे कॉलेजचे चौदा-पंधरा तास. आणि चित्रकार म्हणून माझं जे काम बुडालं, त्याची तर कुठल्याच कागदावर नोंद नाही. रजा द्यायला मालक लागतो. माझी मालक मीच. मी मलाच २६ आठवडे पगारी रजा कशी देणार?

जुलैत कॉलेज सुरू झालं आणि त्याच सुमाराला दिवाळी अंकांची कामंही आली. चित्रकारांचा हा सुगीचा काळ. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत हा हंगाम आहे आणि आमच्यासारख्यांचं निम्मं वर्ष त्यावर चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये “नको, बाळ लहान आहे” म्हटलं की पुढच्या वर्षी फोन येत नाही. मी “हो” म्हटलं.

मला वाटायचं, बाळ झोपलं की चित्र काढायचं, त्यात काय. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. चिमी दुपारी ४० मिनिटं झोपायची. त्यातली दहा मिनिटं मी जेवायची, पाच मिनिटं कपडे वाळत घालायची. उरलेल्या २५ मिनिटांत कथा परत वाचून, कच्चं रेखाटन करून, शाईचा ब्रश हातात घेतला की पाळण्यातून हाक. शाईची बाटली दोनदा सांडली. शेवटी हप्त्यावर टॅबलेट घेतला, म्हणजे बाळ मांडीवर असलं तरी एका हातानं काढता येईल. महिना २४०० रुपये हप्ता.

तेव्हाच मी एक वही केली. लहर म्हणून नाही, नवऱ्याशी भांडण झालं म्हणून. तो म्हणाला होता, “एवढं रात्र-रात्र जागतेस, त्यातून सुटतं किती ते तरी बघ.” मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. वहीत चार रकाने केले. तारीख, काम, किती तास, आणि त्या वेळी चिमी कुणाकडे.

जुलै ते ऑक्टोबर, चार महिन्यांचा हिशोब असा.

कॉलेज : १३२ तास, ४६,२०० रुपये.

चित्रं : दोन दिवाळी अंकांची २४ रेखाचित्रं, प्रत्येकी ७००, म्हणजे १६,८००. एक बालपुस्तक २२,०००. तीन पत्रिका ७,५००. एकूण ४६,३००. त्यातून टॅबलेटचे हप्ते ९,६०० आणि रंग, कागद, प्रिंट यांचे १,९०० गेले. हातात ३४,८००. तास लागले २९०.

म्हणजे चित्रकलेचे तासाला १२० रुपये. कॉलेजच्या तासाच्या जवळजवळ एक तृतीयांश. तरी मी खूश होते. बाळ सहा महिन्यांचं आणि कॉलेजाइतकंच चित्रांतूनही आलं! नवऱ्याला वही दाखवली. तोही म्हणाला, “बरं चाललंय की.”

आता चौथा रकाना. चित्रांचे २९० तास, कॉलेजचे १३२ आणि जाण्यायेण्याचे ५६. एकूण ४७८ तास. त्या वेळात चिमी कुणाकडे होती?

सासूबाईंकडे २४६ तास. नवऱ्याकडे ७४. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ४८. आणि झोपेत ११०, म्हणजे माझं रात्रीचं जागरण.

हा रकाना मी भरत होते, पण त्याची बेरीज करायची मला बरेच दिवस गरज वाटली नाही. त्यासमोर पैसे नव्हते ना. घरातलं माणूस बघतंय, त्याचा काय हिशोब?

नवरात्राच्या आधीची एक दुपार. मी आतल्या खोलीत चित्र काढत होते. बाहेर सासूबाई चिमीला घेऊन बसल्या होत्या. वरच्या गल्लीतल्या एक बाई तीन साड्या घेऊन आल्या, पिको-फॉलला.

सासूबाई गेली सोळा-सतरा वर्षं पिको-फॉल करतात. सासरे गेल्यावर त्यांनी मशीन घेतलं. एका साडीचे ८० रुपये. महिन्याला तीसेक साड्या, गौरी-गणपती ते दिवाळी त्याहून जास्त. फार पैसे नाहीत, पण त्यांचे आहेत. भिशी त्यातून, देवाला जायचं भाडं त्यातून. लग्नानंतर माझी पहिली नेलकटर-कात्रीपासूनची छोटी खरेदीसुद्धा त्यातूनच झाली होती.

मी आतून ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, “आता नाही घेत हो मी. नातीला बघते.”

त्या बाई म्हणाल्या, “हां, बरोबर. आता काय, घरीच असता ना तुम्ही.”

सासूबाई हसल्या. “हो, घरीच.”

मी उठून बाहेर आले. मशीन कोपऱ्यात होतं. त्यावर झाकण, झाकणावर चिमीची दुपटी आणि लंगोटांची चळत. ती चळत रोज मीच ठेवत होते. चार महिने मी त्या मशीनचा आवाज ऐकला नव्हता आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

रात्री वही काढली. चार महिन्यांचे त्यांचे बुडलेले पैसे, अगदी कमी धरून, १२,०००. माझ्या ३४,८०० मधून वजा केले. उरले २२,८००. भागिले २९०. तासाला ७९ रुपये.

पण मला खरं लागलं ते ७९ च्या आकड्याचं नाही. मी सगळ्यांना सांगत होते की मी बाळ सांभाळून माझा व्यवसाय उभा करतेय. ते खरं नव्हतं. माझ्या घरात आधीपासून एका बाईचा व्यवसाय उभा होता. तो बंद करून माझा चालू झाला होता. आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी स्वतःहून केलं, हे खरं. पण स्वतःहून केलं म्हणजे विचारायचं नसतं, असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आई, तुम्ही मशीन सुरू करा.”

त्या म्हणाल्या, “आणि हिला कोण बघणार?”

हाच तर सगळ्या पोस्टचा प्रश्न आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. आदर्श वगैरे नाही, पण चाललंय.

खालच्या काकूंना विचारलं, आठवड्यातून चार दिवस तीन-तीन तास चिमीला बघाल का, महिन्याला दोन हजार देईन. काकू रागावल्या. “नातीचे पैसे घेऊ व्हय मी?” आठ दिवस बोलल्या नाहीत. मग सासूबाई जाऊन बसल्या त्यांच्याजवळ. काय बोलल्या माहीत नाही, पण काकूंनी घेतले. आता दर महिन्याला एक तारखेला देते. उशीर करत नाही, कारण उशिरा पैसे मिळाले की कसं वाटतं ते मला चांगलं माहीत आहे.

नवऱ्याच्या बाबतीत एक शब्द बदलला. आधी तो ‘मदत’ करायचा. कंपनीत तीन पाळ्या असतात, आता घरात चौथी आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी सात ते अकरा चिमी त्याची. आंघोळ, नाचणीची पेज, शी-शू सगळं. पहिले पंधरा दिवस दर दहा मिनिटांनी “अगं हे कुठंय?” चालायचं. आता नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपार सासूबाईंची. नोव्हेंबरपासून मशीन सुरू आहे. काही जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती परत आली नाहीत. याची भरपाई मी करू शकत नाही.

आणि मी माझे दर बदलले. चित्राचा दर सांगताना आता काकूंचे पैसे त्यात धरते, जसा टॅबलेटचा हप्ता धरते. ७०० चं रेखाचित्र आता ९५०. दोन जणांनी “एवढे?” म्हणून फोन ठेवला. एकानं दिले. काम कमी झालंय, हे लपवत नाही. ४० हजारांचं एक पुस्तक सोडलं, दोन महिन्यांत ३६ चित्रं हवी होती. ते सोडताना रडले. पण ते घेतलं असतं तर मशीन परत बंद झालं असतं.

अजून एक गोष्ट, माझ्यासारख्या फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी. एका प्रकाशकाकडे माझे १८,००० रुपये नऊ महिने अडकले होते. “दिवाळीनंतर बघू” चालू होतं. तेव्हा कळलं की एमएसएमईडी कायदा २००६ चा आहे आणि तो सूक्ष्म उद्योगांनाही आहे, फक्त कारखान्यांना नाही. सेवा देणारी एकटी बाईसुद्धा ‘उद्यम’ नोंदणी करू शकते. आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. करारात तारीख ठरली असेल तरी काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. एक लक्षात ठेवा, नोंदणी काम करण्याआधी झालेली बरी. नंतर नोंदणी करून जुन्या थकबाकीवर हक्क सांगायला गेलं की वाद होतो. माझी नंतरची होती. मी फक्त एक सरळ, सभ्य ईमेल लिहिला, त्यात हा कायदा लिहिला. डिसेंबरात १०,००० आले. आठ बाकी आहेत. नव्या कामाला आता निम्मे पैसे आधी घेते.

हे सगळं झालं घरातल्या घरात. पण हा प्रश्न घरातल्या घरात का सोडवायचा?

कायद्यात पाळणाघर आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते ठेवावं लागतं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. पण ज्या बाईची आस्थापना म्हणजे एक टेबल आणि एक शिलाई मशीन, तिचं काय? अंगणवाडी आहे, पण तिथं बसायला-शिकायला तीन वर्षांपासून पुढची मुलं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाचा आहार घरी मिळतो, बाळ मात्र घरीच. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी. आमच्या प्रभागात असं पाळणाघर नाही. मी विचारून आले.

आणि ही कल्पना काही परदेशातून आणायची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्यांच्या लक्षात आलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर लहान भावंडं असतात. म्हणून त्यांनी पुढे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. म्हणजे ‘बाळाला कोण बघणार’ हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच विचारून झालाय, उत्तरही करून दाखवून झालंय. आपण त्यातली अंगणवाडी ठेवली आणि पाळणाघर विसरलो.

महापालिकेच्या कितीतरी शाळांत पटसंख्या कमी झाली म्हणून खोल्या कुलूपबंद आहेत. प्रभागात एक खोली, दोन प्रशिक्षित बायका योग्य पगारावर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. फुकट नको, परवडेल अशी फी घ्या. आपण नगरसेवकाकडे गटार मागतो, पेव्हिंग ब्लॉक मागतो, ओपन जिम मागतो. पाळणाघर मागितलेलं मी तरी आमच्या भागात ऐकलं नाही. मीही मागितलं नव्हतं, कारण माझ्या घरात ते होतं. फुकटात. त्याच्या पैशांचा रकाना रिकामा होता, एवढंच.

पुढच्या आठवड्यात आम्ही सात-आठ जणी प्रभाग कार्यालयात अर्ज द्यायला जाणार आहोत. त्यात पिको-फॉलवाल्या आहेत, पोळी-भाजीवाल्या आहेत, एक ट्यूशन घेणारी आहे, एक घरून अकाउंट लिहिणारी आहे. सासूबाई येणार आहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, “सकाळचं ठेवा. दुपारी मला साड्या आहेत.”

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. कॉमेंटमध्ये तुमच्या प्रभागाचं किंवा गावाचं नाव लिहा आणि तिथं वर्षाच्या आतल्या बाळासाठी पाळणाघर आहे का, हो की नाही, एवढंच लिहा. अर्जासोबत ती यादी जोडू.

आणि दुसरं, एखाद्या बाईला “घरीच असता ना?” विचारायच्या आधी, त्या घरात कुठलं मशीन झाकून ठेवलंय तेवढं बघा. मीसुद्धा बघायला शिकतेय.